संध्याकाळी ऐकलेली रेकॉर्ड

नाशिक,
१७ जानेवारी १९८९

ती. दादास,

दमयंतीचा सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवते आहे, आणि त्याच पिशवीत तुझ्या भाचीची रेकॉर्ड. शेजारचे कमलाकर पनवेलला मुलीकडे निघाले होते, त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती एस.टी.त मांडीवरून खाली ठेवली नसेल याची मला खात्री आहे, कारण मी तशी शपथच घातली होती.

कव्हरवर चौघांचा फोटो आहे. दोन व्हायोलिनं, एक व्हायोला आणि त्या गोऱ्या मुलाच्या गुडघ्यांत तो अवाढव्य चेलो. डाव्या टोकाला आपली कादंबरी, काळ्या साडीत. पहिलं व्हायोलिन तिच्याकडे आहे. मँचेस्टरला जाऊन दोन वर्षं होतात न होतात तोच चौघांची क्वार्टेट आणि त्यांची रेकॉर्ड! आमच्याकडे नुसता टेपरेकॉर्डर, त्यामुळे मी अजून एक सूरही ऐकलेला नाही. फोटोच पाहत बसते.

तिचा एकच निरोप आहे, मामा काय म्हणतात ते कळव. तिकडच्या वर्तमानपत्रात काय छापून येतं याची तिला फिकीर नाही. तू तिला व्हायोलिन धरायला शिकवलंस, गेली कित्येक वर्षं साप्ताहिकात नव्या रेकॉर्डींवर लिहितोस, तेव्हा तिच्या दृष्टीने तूच सुप्रीम कोर्ट. मार्चमध्ये त्यांची दुसरी रेकॉर्ड व्हायची आहे. त्याआधी तुझं मत हवं म्हणते.

वहिनींचा नवा फ्रीज आला का? उत्तराची वाट पाहते. तिळगुळाइतकीच माझीही आठवण ठेव.

तुझी,
दमू

—

नवीन पनवेल,
२९ जानेवारी १९८९

चि. सौ. दमूस अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पोचला, रेकॉर्डही धडधाकट पोचली. फ्रीज संक्रांतीलाच आला. तुझ्या वहिनीने त्याला हॉलमध्ये पाहुण्यासारखं बसवलं आहे आणि माझ्या रेकॉर्ड प्लेअरचा स्टॅबिलायझर काढून त्याच्या सेवेला दिला आहे. इकडे रोज एक नवी इमारत उभी राहते. संध्याकाळी सिडकोचं पाणी आलं की सगळ्या सोसायट्यांचे पंप एकदम घरघरतात. बादल्या भरल्या, की त्या घरघरीतच माझी ऐकण्याची वेळ होते.

आता मुद्द्याचं. पत्र तीनदा लिहून फाडलं. हे फक्त तुझ्यासाठी आहे, कादंबरीला यातला शब्दही कळवू नकोस.

रेकॉर्ड मला आवडली नाही. दोन संध्याकाळी ऐकली. सगळं वाजवणं जडावलेलं आहे. जिथे पळायला हवं तिथे मुलं चिखलातून चालल्यासारखी चालतात. आणि सूर जवळजवळ अर्ध्या पट्टीने खाली. मी माझी सूर लावायची शिट्टी काढून ताडून पाहिलं. हल्ली तिकडे जुन्या काळासारखं खालच्या पट्टीत लावून वाजवण्याची फॅशन निघाली आहे. अशा रेकॉर्डी माझ्याकडे येतात, काही उत्तमही असतात. पण ज्यांना ते पेलतं त्यांनी करावं. या वयात पोरांनी सोंग आणायचं, आणि त्या सोंगापायी वाजवण्यातला जीव घालवायचा, हे मला सहन होत नाही. माझ्याकडे होती तेव्हा या मुलीच्या हातात काय चैतन्य होतं! तीस वर्षं मी स्टुडिओत वाजवलं, मला मेलेला गज लगेच कळतो.

साप्ताहिकात मी लिहिणार नाही. भाचीची रेकॉर्ड म्हणून खोटं लिहिता येत नाही आणि खरं लिहायला हात धजत नाही. तिला सांग, मामा कामात आहे.

वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्यावरची माया नेहमीसारखीच आहे.

तुझा,
दादा

—

नाशिक,
२० फेब्रुवारी १९८९

ती. दादास,

सा. न. वि. वि.

माझ्या हातून फार मोठी चूक झाली आहे. तू रागावशील हे ठाऊक आहे, पण आता रागावून भागणार नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कादंबरीचंही आलं. मामांचं मत का नाही आलं, आई, तू लपवते आहेस का, असं तिने विचारलं होतं. मला खोटं लिहिता येईना. तुझं वाक्य माझ्या शब्दांत लिहायला बसले तर ते आणखी कठोर होत होतं. मला सूर-पट्टीतलं काही कळत नाही, म्हणून वाटलं, तिला कळेल, काय सुधारायचं ते ती पाहील. मी तुझं पत्रच पाकिटात घालून पाठवलं.

काल तिचं उत्तर आलं. चारच ओळी. आम्ही कुठलीही फॅशन केली नव्हती, नेहमीच्याच पट्टीत वाजवलं होतं, असं लिहिते. म्हणजे मामांना जे खाली ऐकू आलं तो आमचा बेसूरपणा, आणि तो मला ऐकूही आला नाही, म्हणजे माझा कानच गेला. एक मार्चला सोबत्यांना सांगणार, पहिल्या व्हायोलिनवर दुसरं कुणी घ्या. आणि उन्हाळ्यात घरी परत येणार.

दादा, ती तिकडे कुणाचंही ऐकत नाही, फक्त तुझं ऐकते. तू म्हणालास चूक की ती लहानपणी मुकाट गज खाली ठेवायची, आठवतं ना? तसंच आता होतं आहे. मला रात्रभर झोप नाही. तुझं म्हणणं खरं असेल तर तू तरी काय करणार, हेही कळतं. पण काहीतरी कर. कुणाला विचारू, तुझ्याशिवाय आहे कोण?

तुझीच वेडी बहीण,
दमू

—

नवीन पनवेल,
२८ फेब्रुवारी १९८९

सौ. वन्सं यांस,

आशालताचा सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचे दादा आत्ता पत्र लिहिण्याच्या स्थितीत नाहीत, म्हणून मी लिहिते. घाबरू नका, तब्येत ठीक आहे.

तुमचं पत्र आल्यापासून हे जेवत नव्हते. फॅशन नाही तर मग काय, असं स्वतःशीच म्हणायचे. रेकॉर्ड पुन्हा लावायचा त्यांना धीर होत नव्हता. काल दुपारी हे गावात गेले होते. सुकापूरची कमळाबाई भाजी घेऊन आली. तिला कादंबरीचा फोटो दाखवला, तर म्हणाली, पोरगीचं वाजवनं आयकवा की. मला यंत्राचं फारसं कळत नाही, पण रेकॉर्ड लावता येते. लावली. कमळाबाई पाटी शेजारी ठेवून ऐकत बसली आणि मधूनमधून विचारत राहिली, गानं कवा चालू होनार हाय. गाणं नाही, नुसती वाद्यं आहेत, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

तेवढ्यात जिन्यात यांची चाहूल लागली, पण दार वाजेना. मी उघडून पाहिलं तर हे खालच्या पायऱ्यांवर उभे, छत्री बगलेत धरून. मला हाताने गप्प राहायला सांगितलं. रेडिओवर तीच रचना दुसरी कुठली तरी क्वार्टेट वाजवते आहे असं त्यांना वाटलं होतं. संपल्यावर वर आले आणि कोण वाजवत होतं म्हणून विचारलं, फार सुरेख आहेत म्हणाले. मी म्हटलं, आपली कादंबरी. हे छत्रीसकट प्लेअरजवळ गेले आणि त्यावरची रेकॉर्ड पाहून आले.

कमळाबाई गेल्यावर तीच रेकॉर्ड पुन्हा लावून त्यांनी शिट्टी फुंकून पाहिली. सूर जिथल्या तिथे. मग आम्ही पाण्याची वेळ होईपर्यंत थांबलो. पंप सुरू झाले, आमचा दिवा रोजच्यासारखा पिवळा पडला आणि वन्सं, ती मुलं आमच्या डोळ्यांदेखत थकत गेली. चाल मंदावली, सूर उतरला. यंत्र जुनं आहे, वीज कमी पडली की त्याची चकती हळू फिरते. स्टॅबिलायझर होता तोवर कधी जाणवलं नाही, आणि तो मीच काढून फ्रीजला लावला. फ्रीज आल्यानंतर यांनी ऐकलेली पहिली रेकॉर्ड नेमकी हीच, आणि तिच्यानंतर दुसरी लावायचं यांचं मनच झालं नाही. सगळं माझ्यामुळे झालं म्हटलं तर म्हणाले, फ्रीज काही लिहीत नाही, पत्र मी लिहिलं.

आज सकाळी तार ऑफिस उघडायच्या आत हे दारात होते. तार अशी केली आहे की सूर तुझा बरोबर, वीज माझी कमी, जागा सोडू नकोस, मामा. खिडकीतल्या माणसाने दोनदा विचारलं म्हणे, हे इंग्लंडलाच पाठवायचं ना? एक मार्च उद्याच आहे. तार वेळेवर पोचेल की नाही ते कुणीच सांगत नाही. हे गॅलरीत उभे आहेत, जणू उत्तर रस्त्यानेच येणार आहे.

कळलं की लगेच कळवा. माझ्यावर राग धरू नका.

तुमची,
आशालता

—

मँचेस्टर,
२६ फेब्रुवारी १९८९

ती. मामांस,

कादंबरीचे शि. सा. न.

तुमचं पत्र आईने मला पाठवलं. तिच्यावर रागावू नका, मी तिला छळलं होतं.

खरं सांगते, मी खूप रडले. दोन तालमींना गेले नाही, ताप आला म्हणून सांगितलं. मग लायब्ररीत जाऊन आमचीच रेकॉर्ड कानाला हेडफोन लावून ऐकली. खाली वाटली नाही. पियानोवर ताडून पाहिली, तरी बरोबर. तरीही मी स्वतःला म्हणत होते, मामा म्हणतात ना, मग तेच खरं. व्हायोलिनच्या पेटीला कुलूप लावून ठेवलं होतं.

आज सकाळी ती उघडली. मामा, तुमचा कान माझ्यापेक्षा मोठा आहे, आहेच. पण वाजवताना तो माझ्याजवळ नसतो. मला जे ऐकू येतं त्यावरच मला वाजवावं लागणार. आमची रेकॉर्ड चांगली आहे असं मला वाटतं. मी जागा सोडणार नाही. चौदा मार्चला दुसरी रेकॉर्ड आहे, ती मी वाजवणार.

आजवर पहिल्यांदाच तुमचं ऐकत नाही आहे. एक विनंती, कानाच्या डॉक्टरांना दाखवून या. चेष्टा नाही, काळजी वाटते. मामींना नमस्कार.

तुमचीच, अजूनही,
कादंबरी

—

नवीन पनवेल,
९ मार्च १९८९

चि. कादंबरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. माझी तार तुला एव्हाना मिळाली असेल आणि कानाला काही झालेलं नाही हेही कळलं असेल. तुझ्या समाधानासाठी डॉक्टरांकडेही जाऊन आलो. ते म्हणाले, कान ठीक आहे, वयाच्या मानाने उत्तम. तुझी मामी म्हणाली, पाहिलंत, ऐकू येतं, तरी ऐकत नाही.

तार करताना माझी एकच प्रार्थना होती की ती एक तारखेच्या आत पोचावी. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तुझं पत्र उघडलं आणि आधी तारीख पाहिली. सव्वीस. मी तार केली अठ्ठावीसला. तुझ्या पत्रावरची तारीख मामीलाही दाखवली, माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता म्हणून. म्हणजे माझी तार निघायच्या आधीच तू पेटी उघडली होतीस.

तुला खरं सांगतो, क्षणभर मला वाईट वाटलं. मला वाटत होतं मी तुला वाचवलं. मग मी गॅलरीत जाऊन बसलो आणि हळूहळू फार आनंद झाला. दहा वर्षं तुला शिकवताना मी चूक म्हटलं की तू गज खाली ठेवायचीस, आणि मला ते शहाणपण वाटायचं. तू तो खाली ठेवला नाहीस हे मला पहिल्यांदाच दिसलं.

स्टॅबिलायझर परत रेकॉर्ड प्लेअरला लावला आहे. फ्रीज सध्या देवाच्या भरवशावर आहे. साप्ताहिकाचा लेख लिहून दिला, त्यात पट्टीचा विषय नाही, वाजवण्याचा आहे. भाची आहेस हेही लिहिलं आहे, वाचणाऱ्याने काय ते ठरवावं.

हे पत्र पोचेल तेव्हा चौदा तारीख होऊन गेलेली असेल. कसं वाजवलंस ते मला विचारू नकोस, तूच कळव. नवी रेकॉर्ड आली की मी ती दुपारी ऐकेन.

तुझा,
मामा