पाठ समुद्राकडे

प्रिय ताई,

“मागे राहिलेल्याला आणायला जावं, पुढे निघून गेलेल्याला हाका मारू नयेत.” तू गेलीस त्या दुपारी बाबा धक्क्यावर उभे राहून हे म्हणाले होते. बोलले माझ्याशी, पण ऐकवलं तुला. बस सुरू झाली होती आणि तुझी खिडकी उघडी होती. तेव्हापासून या घरातून तुला कोणी हाक मारली नाही. मीही नाही. वाढदिवसाला चार ओळी, तुझ्या लेकीच्या निकालाला शाबासकी आणि खाली ‘बाकी सर्व ठीक’. आज मात्र बाबांचं न ऐकता लिहितेय. तेव्हा बसून वाच, एक डोळा गॅसवर ठेवून नको.

इकडचा मोसम उतरणीला लागलाय. सकाळच्या गाडीने माणसं अजून येतात, टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून. आधी दीपगृह, मग जुनी जकात कचेरी, आणि ओहोटी लागली की दगडी वाटेने चालत पाण्यातल्या किल्ल्यावर. बाबांनी लावून दिलेला क्रम अजून तोच आहे. प्रश्नही तेच: तोफ खरी आहे का, राजा कुठे झोपायचा, स्वच्छतागृह कुठे आहे. परवा एका आजोबांनी विचारलं, जेवून निघालो तर भरतीच्या आत पोचू ना? मी म्हटलं, आजोबा, ती कोणाच्या जेवणासाठी थांबत नाही. सगळे हसले. तू पूर्वीसारखी रांगेच्या शेवटाला असतीस तर सगळ्यांनंतर हसली असतीस. वाऱ्यामुळे माझे शब्द तुझ्यापर्यंत उशिरा पोचायचे, आणि तुझं ते एकटीचं उशिराचं हसू ऐकून लोक पुन्हा हसायचे. अजून विनोद केला की मी जराशी थांबते. सवय गं, दुसरं काय.

आपलं काम कोणाला समजावून सांगायला गेलं तर वेड्यात काढतील. आई गेल्यावर बाबांनी आपल्याला घरी कोणाच्या भरवशावर ठेवलं नाही, कामावरच वाढवलं. ज्याला गोष्ट सांगायची त्याला पाठ दाखवू नये, हा त्यांचा हट्ट. म्हणून पुढे चालणारा माणूस उलटा चालायचा, पाठ समुद्राकडे, तोंड लोकांकडे. माझा आवाज मोठा म्हणून मी पुढे. ‘भोंगा’ हे नाव तूच ठेवलंस. तू शेवटाला, लाल रुमाल घेऊन. रेंगाळणाऱ्यांना गोळा करायचं आणि माझे डोळे व्हायचं. रुमाल वर गेला की माझ्या मागे पायरी, आडवा हलला की वळण. आपला अबोला असला तरी त्या शेवाळलेल्या दगडांवर मी बेधडक मागे पाऊल टाकायची. एकदाच फक्त तू सूड उगवलास. सपाट वाटेवर रुमाल वर केलास आणि मी बदकासारखा पाय उचलून पडले. बाबा ओरडले, “खेळ मांडलाय का!” आणि मग तोंड फिरवून स्वतःच हसत सुटले.

तुझं जाणंही या कामातूनच आलं. बुरुजाची चित्रं काढत एक जण रोज मागे राहायचा, आणि रोज त्याला आणायला तूच जायचीस. पुढच्या मोसमात तो पुन्हा आला, पुन्हा मागे राहिला. “या माणसाला भरतीची भीती नाही की ताईची?” असं मी बाबांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “दोन्हीची असती तर वेळेत आला असता.” म्हणजे त्यांना कळलं होतं, ताई. जावई नको होता असं मुळीच नाही. तू भर मोसमात शेवट रिकामा टाकून गेलीस, ते त्यांना लागलं. दुसऱ्याच्या घरी मुलगी सासरी जाते, आपल्याकडे पहारा सोडून गेली. तुझ्या जागी त्यांनी कोणालाही ठेवलं नाही. रुमाल स्वतः घेतला आणि शेवटाला चालू लागले.

आता त्या दिवसाबद्दल. तू भावोजींना आणि लेकीला घेऊन आली होतीस, आणि तिकिटाच्या खिडकीत बाबा होते. त्यांनी तुझ्यापुढे तिकिटं सरकवली आणि म्हणाले, “तुम्ही त्या झाडाखाली थांबा, सगळे जमले की निघू.” तुम्ही! पोटच्या पोरीला! तू ती तिकिटं घेतलीस. दिवसभर परक्यासारखी फिरलीस, जकात कचेरीतल्या तराजूची माहिती ऐकलीस, जो तराजू तू लहानपणी पुसायचीस. आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस, घरी पाऊलही न टाकता. नंतर लिहिलंस, “त्यांनी मला गिऱ्हाईक केलं. आता मी त्या गावची नाही.” त्यावरही मी ‘बाकी सर्व ठीक’ लिहिलं.

पण त्या दिवशी शेवटाला मी होते, आणि मला जे दिसलं ते तुला मधल्या ओळीतून दिसण्यासारखं नव्हतं. शेवट ही तेव्हा बाबांची जागा होती. तिकडे ते चालले असते तर त्यांना दिवसभर तुझी पाठ दिसली असती. म्हणून सकाळी त्यांनी रुमाल माझ्या हातात कोंबला, म्हणाले, “आज पुढे मी.” कारण विचारायची सोय नव्हती. दिवसभर ते तुझ्याकडे तोंड करून चालले, ताई. किल्ल्यावरच्या पाण्याच्या टाक्याची गोष्ट, जी त्यांनी कित्येक मोसम सांगितली नव्हती, जी तू लहानपणी पुन्हा पुन्हा मागायचीस, ती त्यांनी सगळी सांगितली, लोक कंटाळून मोबाईल बघायला लागले तरी. तू लेकीच्या टोपीचा बंद बांधत होतीस. परतताना किल्ल्याच्या दरवाजाची पायरी आली. मी रुमाल वर केला, दोन्ही हातांनी हलवला, शेवटी ओरडलेसुद्धा. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते तुझ्याकडे बघत होते. भावोजींनी त्यांना उचललं तेव्हा कपडे झटकत काय म्हणाले, आठवतं? “आभारी आहे. आपण कुठून आलात?” तू तोंड फिरवलंस. तुझ्या जागी मी असते तर मीही फिरवलं असतं. गुडघा तेव्हापासून गेला तो गेलाच. आता काठी असते, आणि तिकिटाची खिडकी.

मला तेव्हा तुझा हेवा वाटला होता, हेही सांगून टाकते. माझ्याकडे त्यांनी असं कधी बघितलेलं नाही. मी रोजच समोर असते ना!

आता हे सगळं आजच का, ते सांगते. किल्ल्यावर जायला पूल झालाय. पुढच्या मोसमापासून लोक हवं तेव्हा जातील, कानात माहिती सांगणारं यंत्र लावून. पर्यटन ऑफिसवाल्यांनी त्यासाठी माझा आवाज भरून घेऊन बघितला, मग म्हणाले, “मॅडम, यंत्राला सोसत नाही.” येत्या रविवारी दगडी वाटेवरून शेवटची फेरी आहे. बाबांनी खिडकीत बसून स्वतःसाठी एक तिकीट फाडलं आणि खिशात ठेवलं. गुडघ्यामुळे ते सगळ्यांच्या मागे राहणार, आणि त्यांच्या मागे मलाच राहावं लागेल. दुसऱ्या कोणाचा हात ते धरत नाहीत. म्हणजे पुढे कोणी नाही. तू ये. सकाळच्या गाडीने ये, संध्याकाळच्या गाडीने जा, घरी येऊ नकोस हवं तर. मनातलं काही बोलायला लागणार नाही, दीपगृहापासून टाक्यापर्यंतचे सगळे शब्द तुला पाठ आहेत. त्यांना इतरांसारखंच ‘या, इकडे बघा’ म्हण. तू नाही म्हणणार, मला माहीत आहे. बहुधा उत्तरही पाठवणार नाहीस. तरी विचारते. एवढा एक दिवस, आमच्याकडे तोंड करून चालशील?

तुझाच,
भोंगा