आधी गाव, मग नाव

आई, गेल्या शनिवारी दुपारी ताईच्या गावावर क्षेपणास्त्र पडलं. मला ते सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. कुणा शहाण्याने खाली हात जोडल्याचं चित्रही टाकलं होतं. इस्रायलमध्ये गावं काय कमी आहेत? पण नाव ताईच्याच गावाचं होतं. मी जेवणावरून उठलो आणि उष्ट्या हातानेच फोन लावला. रिंग जात राहिली. कोणी उचलेना. आणि उचलणार तरी कशी, शनिवार होता! तू निदान शब्बाथच्या विसाव्यात गुपचूप रेडिओ लावायचीस, ताई तुझ्याहून कडक झालीय. शुक्रवारी दिवे लावले की शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत ती फोनकडे बघत नाही. म्हणजे ती घरात पोथी वाचत बसली असेल तरी रिंग तशीच वाजणार, आणि नसेल तरीही तशीच. चांदण्या निघायला अजून अख्खी दुपार आणि संध्याकाळ होती.

मग मी शोधायला बसलो. नेहमीसारखं मराठीत टाकलं. वर आला एक व्हिडिओ, लाल बाण, मोठी आग, निवेदक गळा फाडून ओरडतोय. तो मी तीनदा लावला. तुझ्या सुनेने खालची तारीख दाखवली. गेल्या वर्षीचा होता, मेला. इंग्रजीत टाकलं तर बातम्याच बातम्या, पण सगळ्यांत तेच एक वाक्य, "मध्य भागात स्फोट." सुनेने तिच्या फोनमधल्या त्या हुशार मदतनीसाला विचारलं. त्याने इतक्या गोड भाषेत धीर दिला की मला वाटलं, हा फोन उचलून खिडकीतून भिरकावून द्यावा. धीर कोणी मागितला होता? मी नकाशा उघडला, त्यातले रस्त्याचे फोटो लावले. ताईची गल्ली दिसली, तिच्या गॅलरीत वाळत घातलेली चादरसुद्धा दिसली. दोन मिनिटं मी वेड्यासारखा खूश होतो, सगळं जागेवर आहे म्हणून. मग लक्षात आलं की ते फोटो कधीचेच जुने आहेत.

"अहो, किती ठिकाणी विचाराल?" ती म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. आणि त्याच क्षणी, खरं सांगतो आई, मला तू दिसलीस. पनवेलच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेली. शाळा सुटल्यावर मी तुझ्यामागच्या स्टुलावर डबा खात असे. करंजा बंदरावरचा तो मासळीवाला काउंटरवर येऊन म्हणतोय, "बाय, माज्या भावाला फोन लावा ना, नंबर नाय म्हाईत." तू विचारतेस, भाऊ राहतो कुठे? तो भावाचं नाव सांगतो, बापाचं सांगतो, होडीचंसुद्धा सांगतो. तू वैतागतेस. "अहो दादा, आधी गाव, मग नाव! मी साऱ्या मुलखाला विचारत बसू का? त्या गावच्या एक्स्चेंजला विचारते, त्यांना माहीत असतं."

साऱ्या मुलखाला विचारत बसलो होतो मी. नवीन पनवेलमध्ये बसून मराठीत आणि इंग्रजीत, ज्यांना ताईची गल्ली कुठे आहे हेही ठाऊक नाही त्यांना. त्या गावाला विचारायचं तर त्या गावाच्या भाषेत विचारायला हवं. नकाशावर गावाचं नाव हिब्रूत होतंच. ते उचललं, पुढे तिथलंच ताईच्या गल्लीचं नाव जोडलं, आणि शोधलं. पहिल्याच फटक्यात त्यांच्या नगरपालिकेचं पान उघडलं. आजची तारीख, तासाभरापूर्वीची वेळ, आणि वर ताईची गल्ली. नाव ओळखलं, म्हणजे पडलं ते तिथेच.

खाली दोन-तीन ओळी होत्या. तू मला हिब्रू अक्षरं शिकवलीस ती नवसाच्या मलिद्याचे पोहे निवडता निवडता, अर्थ विचारला की दटावायचीस, "आधी वाच नीट, बोट ठेव." अक्षरं येतात मला, अर्थ येत नाही, हे तुलाही माहीत होतं. शिवाय प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरांची टिंबं असतात, इथे एकही नाही. मी बोट ठेवलं. आलेफ, योद, नून. एन. एवढा एक शब्द मला येतो, प्रार्थनेत रोज येतो म्हणून. एन म्हणजे नाही. पुढे नून, पे, गिमेल, आयिन... "नाही" झालं, पण काय नाही? जखमी नाहीत, की माणसंच नाहीत? मी परत पहिल्यापासून वाचलं. मोठ्याने वाचलं. घाम फुटला होता, बोट काचेवरून घसरत होतं. सुनेने फोन माझ्या हातून घेतला, काहीतरी दाबलं, आणि भिंतीला टेकून खालीच बसली. "कोणी जखमी नाही, म्हणतायत. घरं पडलीत. माणसं सगळी तळघरात होती."

तिकडे चांदण्या निघाल्यावर ताईचाच फोन आला. "अरे, किती वेळा रिंग दिलीस? शब्बाथला फोन उचलेन का मी, गाढवा?" गॅलरी गेली म्हणाली, काचा गेल्या, नवऱ्याच्या चपला सापडत नाहीत. मी तिला तुझ्या एक्स्चेंजची गोष्ट सांगितली, ती खूप हसली, मग खूप रडली. मीही रडलो.

एक गोष्ट मात्र तिला सांगितली नाही, हिलाही नाही. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे लिहितो. भाषांतराचं बटण त्या ओळींच्या वरच होतं, आई. मला ते पहिल्यापासून दिसत होतं. मी ते मुद्दाम दाबलं नाही, कारण मी अक्षरं लावत होतो तोवर ताई जिवंत होती.