चुकीच्या दारात टाकलेलं पदक

मी, खाली सही करणार ग्लाफिरा निकोनोव्हना पेस्तोवा, वय अठ्ठ्याहत्तर, पूर्वीचा धंदा टपाल वाटणे, राहणार लुगोवेत्स्क, व्यात्का नदीच्या बाजूची इमारत, दुसरा मजला, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. मोतीबिंदू आहे, पण तो एकाच डोळ्यात. हे मृत्युपत्र मी कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. गोड बोलणारं आता कोणी उरलेलंही नाही. नोटरीबाईंनी बजावलंय की सगळं स्वतःच्या हाताने लिहायचं, पाकीट बंद करून दोन साक्षीदारांसमोर त्यांच्या हवाली करायचं, आणि ज्याला यातून काही मिळणार असेल त्याला साक्षीदार करायचं नाही. बरं.

कलम पहिले. माझी राहती जागा, आतल्या सामानासह, माझी भाची एम्मा हिला मिळावी. ती वर्षातून तीनदा येते आणि दोन तासांत निघते, पण येते तेव्हा न सांगता खिडक्या पुसते. तेवढ्यावर दिली. भिंतीवरच्या घड्याळाला कोणी हात लावू नये. ते मागे पडतं ते मला माहीत आहे.

कलम दुसरे. माझी सायकल तळमजल्यावरच्या गेन्नादीला. बारा वर्षं तो तिच्याकडे बघून "ग्लाशा मावशी, आता या वयात कशाला?" असं विचारतोय. घे बाबा एकदाची. घंटी मात्र काढायची नाही.

कलम तिसरे. जुन्या पोस्टातलं टपाल लावायचं अठ्ठेचाळीस खणांचं फडताळ, त्यातली सगळी कार्डं, भिंग आणि पत्रव्यवहाराच्या एकवीस फायली गावच्या वाचनालयाला. फडताळ लाकडाचं आहे म्हणून जाळायला नेणाऱ्याचे हात झडोत. त्यात युद्धातली पदकं आहेत, म्हणजे पदकांची माणसं आहेत. कोणाच्या परसात नांगरताना सापडलेली, कोणाच्या आजोबांच्या डब्यात भलत्याच नावाची निघालेली, कोणी पाडलेल्या घराच्या माळ्यावरची. लोक माझ्याकडे आणून देत. पदकाच्या पाठीवर नंबर असतो. मी नंबर लिहून लष्कराच्या दप्तरखान्याला पत्र टाकायची, चार-चार महिने वाट बघायची, नाव आलं की गाव शोधायची, गाव उठलेलं असलं की गेलेल्या माणसांचा माग काढायची. अशी एकशे सत्त्याऐंशी पदकं मी घरपोच केली. त्यात एक आचारी होता. गोळ्या सुरू असताना पाठीवर रश्श्याचं पिंप घेऊन तो खंदकापर्यंत सरपटत गेला होता, आणि जन्मभर बायकोला सांगत राहिला की मला पदक स्वयंपाकासाठी मिळालं. कागद वाचून दाखवला तेव्हा ती बाई हसता हसता रडायला लागली. "मेल्या," फोटोकडे बघून म्हणाली, "आणि मी तुझ्या रश्श्याला नावं ठेवत होते!"

पंचवीस पदकांची माणसं अजून सापडायची आहेत. वाचनालयवाल्यांनी ती कपाटात सजवून ठेवू नयेत, शोधावीत.

कलम चौथे. अर्काडी सेमियोनोविच, स्वतःला संग्राहक म्हणवून घेणारा, याला माझ्या घरातलं बटणसुद्धा मिळू नये. त्याने माझ्या डोळ्यांदेखत एका पदकाचा नंबर कानशीने घासून काढला. का, तर घरचे लोक मागायला येऊ नयेत. मी त्याच्या तोंडावर चहा फेकला. चहा गार होता याचं मला आजही वाईट वाटतं.

कलम पाचवे. आता खरं ते लिहिते. वरची चार कलमं मी यासाठीच रेंगाळत लिहिली.

चौतीस वर्षं मी टपाल वाटलं. पुरात, बर्फात, कुत्री मागे लागलेली असताना. एक पत्र चुकीच्या दारात टाकलं नाही. पेन्शनीत निघाले तेव्हा निरोपाच्या भाषणात हेच सांगितलं, आणि पुढे बस थांब्यावर भेटेल त्यालाही सांगत राहिले. ती घमेंड नडली.

१९९७ साली जुनं पोस्ट पाडलं. न पोचलेल्या टपालाच्या कपाटात मागच्या फळीला चिकटलेली एक चिंधी निघाली. कागद उंदरांनी खाल्लेला. आत 'धैर्यासाठी' असं लिहिलेलं चांदीचं पदक. कोणा सोबत्याने लढाईवरून घरच्यांना धाडलेलं असणार. लढाईच्या दिवसांत त्या पोस्टाची बॅग माझ्या आईच्या खांद्यावर होती. तिच्या बॅगेतून मरणाचे कागद यायचे म्हणून बायका तिला बघून दार लावून घ्यायच्या. एक चांगली गोष्ट आली होती, ती तिच्या हातून पोचली नाही. ती आपण पोचवायची, असं मी मनाशी घेतलं.

दप्तरखान्याचं उत्तर आलं: बुर्कोव्ह येफिम लुकिच, बुर्कोवो गावचा. बुर्कोवोत दगड भिरकावला तरी तो कुठल्या ना कुठल्या बुर्कोव्हलाच लागेल. पण येफिम लुकिच म्हटल्यावर मला पुढे वाचायची गरजच वाटली नाही. एका पायाचा येफिम! लढाईहून आला, आणि मरेपर्यंत कुरकुरत होता की पाय घेतला आणि साधं पदकही दिलं नाही. त्याच्या घरी मी वीस वर्षं पेन्शन पोचवली होती. ९ मे १९९८ ला, विजयदिनी, सगळ्या गावासमोर मी ते पदक त्याच्या म्हाताऱ्या विधवेच्या, अव्दोत्याच्या हातात ठेवलं. ती माझ्या हातांचे मुके घ्यायला लागली. पाच वर्षांनी ती गेली. पदक तिच्या नातवाच्या, तिखोनच्या घरी काचेच्या चौकटीत भिंतीवर आहे.

गेल्या वर्षी ते जुने कागद इंटरनेटवर आले. वाचनालयात दुसऱ्याच कोणाचं बघताना हे पान समोर आलं. येफिम लुकिच बुर्कोव्ह, जन्म १९०८. बायकोचं नाव स्तेपानिदा. अव्दोत्याचा येफिम १९१९ चा. घरी येऊन जुनं उत्तर काढलं. त्यातही १९०८ स्पष्ट छापलेलं होतं. मी पत्त्याकडे न बघता ओळखीच्या दारात टपाल टाकलं होतं.

स्तेपानिदाचा येफिम बेपत्ता असल्याचा कागद फेब्रुवारी त्रेचाळीसमध्ये आला होता. पळाला, शत्रूला मिळाला, असं गावाने ठरवून टाकलं. बायकोला विहिरीवर उभं राहू देईनात. ती पाच वर्षांची पोर घेऊन निघून गेली, आणि पाठोपाठ ती चिंधी आली. पदकाचा कागद ऑगस्ट त्रेचाळीसचा आहे, त्यापुढे त्याचा माग नाही. गोळीबारात तारायंत्राची तुटलेली तार त्याने सात वेळा जोडली, असं त्यात लिहिलंय. पळालेला माणूस तारा जोडत बसत नाही.

ती पोर म्हणजे रिम्मा. माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहते. तीस वर्षांपासूनची शेजारीण. माझं दूध तीच आणते. जन्मभर कारखान्यात ती सगळ्यांना सांगत आली, "नुसतं रिम्मा म्हणा." 'येफिमोव्हना' हे बापाचं नाव कधी लावलं नाही. सही 'र. बुर्कोवा'. विजयदिनी सगळं गाव आपापल्या माणसांचे फोटो घेऊन निघतं तेव्हा ती घरी बसून लोणची घालते. मे महिन्यात, इथे काकडीचं रोपही वर आलेलं नसताना, कसली लोणची, असं एकदाही कोणी विचारलं नाही.

आणि मी वर्षभर गप्प आहे. तिच्याकडून दूध घेते आणि गप्प बसते. लाज वाटते, दुसरं काही नाही. म्हणून लिहून ठेवते की माझ्या पश्चात तिखोनने हे पदक काढून रिम्माला द्यावं, आणि कागदाची नक्कल फाईल क्रमांक नऊमध्ये आहे, तीही तिलाच मिळावी.

येथपर्यंत ११ सप्टेंबरला लिहिलं.

पुढचा मजकूर ३ ऑक्टोबरचा. वरचं पाचवं कलम मी आडव्या रेघेने रद्द केलं आहे, शेजारी सही आहे. नोटरीबाई म्हणतात, खाडाखोड चालत नाही, नवीन कागदावर लिहा. मी पुन्हा लिहिणार नाही. खोडलेलंही वाचता आलं पाहिजे. कारण असं.

त्याच आठवड्यात रिम्मा दूध घेऊन आली. टेबलावर पाकीट बघितलं.

"मृत्युपत्र? मग साक्षीदार लागेल की. मी करते सही."

"तू नको."

"का? माझी सही काय वाईट आहे?"

"तुला चालणार नाही."

"गेन्नादी चालतो?"

"त्यालाही नाही. ज्याला काही मिळणार तो चालत नाही."

रिम्मा खुर्चीवर बसली. "ग्लाशा," म्हणाली, "मला काय ठेवलंयस तू?"

पकडले गेले. मग सगळं सांगितलं, उभ्यानेच. फाईल नऊ काढली. तिने चष्मा घातला, काढला, पुन्हा घातला.

"ऑगस्ट?"

"ऑगस्ट त्रेचाळीस."

"म्हणजे फेब्रुवारीत तो पळाला नव्हता."

"नव्हता गं."

तिने कागद घडी करून टेबलावर ठेवला. मग एकदम भडकली. "आणि हे मला तू मेल्यावर कळणार होतं? माझे गुडघे बघितलेस? मी आधी गेले असते तर काय थडग्यावर येऊन वाचून दाखवणार होतीस, गाढवे?"

शिव्या मी खाल्ल्या. हक्काच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बसने बुर्कोवोला गेलो. तिखोन लाकडं फोडत होता. मी सांगितलं. त्याने कुऱ्हाड खाली ठेवली, आमच्याकडे न बघता घरात गेला आणि दार लावून घेतलं. चहासुद्धा विचारला नाही. परतताना रिम्मा म्हणाली, "त्याचं काय चुकलं? माझी आई असती तर तिनेही दिलं नसतं." मी बसमध्ये रडले, आणि मला रडताना बघायची कोणाला सवय नसल्यामुळे कंडक्टरने तिकीटच मागितलं नाही.

नऊ दिवस काही नाही. दहाव्या दिवशी दुपारी तिखोन दारात. काखेत चौकट. मी रिम्माला वरून बोलावलं, ती पीठ मळत होती, तशीच खाली आली.

"आजी रोज हे पुसायची," तो म्हणाला. "पाच वर्षं यावर जगली ती. ती पाच वर्षं परत मागू नका."

"नाही रे बाबा मागत," रिम्मा म्हणाली.

"मग घ्या."

पदक रिम्माने पिठाच्या हातातच घेतलं. तिखोनने रीत सोडली नाही. बाटली आणली होती. पदक वोडकाच्या पेल्यात टाकायचं, पेला रिकामा करायचा आणि पदक दातांत धरून बाहेर काढायचं, त्याशिवाय ते अंगावर चढत नाही. रिम्मा जन्मात दारू प्यायलेली नाही. ठसकली, डोळे पांढरे केले, पण पदक दातांत धरून वर आली. तिखोन हसला. मग तिने त्याला सांगितलं, "भिंतीवरचा खिळा काढू नकोस. तिथे तुझ्या आजोबांचा फोटो लाव. त्यांचं आम्ही शोधतोय." शोधतोय, असं म्हणाली. एका पायाच्या येफिमसाठी काल पत्र टाकलं. पत्ता मी तीनदा तपासला, आणि चौथ्यांदा तिने.

सबब, पाचवं कलम रद्द. रिम्माला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. तिला द्यायचं ते जिवंतपणी हातात दिलं. तिखोनलाही काही मिळत नाही. त्यामुळे दोघंही साक्षीदार म्हणून चालतात, नोटरीबाईंना विचारून घेतलं आहे. कलम तिसरे यात एवढीच भर: मी असेपर्यंत आणि माझ्यानंतरही फडताळाची एक किल्ली रिम्माकडे राहील. किल्ली तिला आजच दिली, म्हणजे तेही यात मोजू नये.

हे मी राजीखुशीने, जागेपणी, चष्मा लावून लिहिलं, आणि वाचून बघितलं.

लुगोवेत्स्क, ३ ऑक्टोबर २०१२.

लिहून ठेवणार:
ग्लाफिरा निकोनोव्हना पेस्तोवा

साक्षीदार:
१. तिखोन गेरासिमोविच बुर्कोव्ह, बुर्कोवो
२. र. बुर्कोवा
(ही सही साक्षीदाराने स्वतःच खोडली. खाली पुन्हा केली आहे.)
रिम्मा येफिमोव्हना बुर्कोवा