आधी कोण ते कळू दे

हेगेन, १४ जानेवारी १९९६

तीर्थरूप आर्व्हिड काकांस रॅग्नाचा सा. न. वि. वि.

तुम्ही फार्गोला सुखरूप पोहोचल्याचं काकूंनी फोनवर सांगितलं. बाबांना जाऊन नऊ दिवस झाले, पण शेजाऱ्यांनी आणून दिलेलं जेवण संपत नाही. सकाळी तेच भट्टीत भाजलेलं बटाटा-मांसाचं हॉटडिश, रात्री हॉटडिश. गाई खात असत्या तर त्यांनाही वाढलं असतं.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. काल दुपारी वादळाने घरात अंधारून आलं होतं. मी आतल्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरात कुणीतरी दबकत चालल्याचं ऐकू आलं. पेपरात मृत्यूच्या बातम्या वाचून घरं फोडणाऱ्यांबद्दल तुम्हीच सांगितलं होतंत. मी बाबांची बंदूक घेतली. खोल्यांमधल्या बोळाच्या कोपऱ्याआड उभी राहिले, नळी जमिनीकडे, बोट चापाबाहेर, आणि कोण आहे म्हणून ओरडले. उत्तर नाही. पुन्हा ओरडले, तरी नाही. मग बोळातल्या बटणाने स्वयंपाकघरातला दिवा लावला.

पलीकडच्या शेतावरचे क्वामे आजोबा निघाले! आजींचं भांडं न्यायला आले होते आणि एकेक भांडं उलटं करून बुडाच्या चिकटपट्टीवरचं नाव वाचत होते. दुखवट्याचं घर, कुणी झोपलं असेल म्हणून बूट दारात काढून मोज्यांवर आले. ऐकू येण्याचं कानातलं यंत्र वाऱ्यात शिट्ट्या मारतं म्हणून खिशात. मला बघून म्हणाले की पोरी, भांडं एवढं आवडलं असेल तर ठेव बाई, हिला मी समजावतो.

ते हसत गेले. मी न्हाणीघरात जाऊन ओकले. माझं काही चुकलं का, कळवा.

तुमची,
रॅग्ना

*

फार्गो, १८ जानेवारी

चि. रॅग्नास अ. आ.

क्वामे वाचला, त्याचं नशीब. पण चुकलं, हो, चुकलंच. ओरडून तू कुठे उभी आहेस ते सांगून टाकलंस. दोनदा विचारून उत्तर येत नाही, तर तिसऱ्यांदा काय त्याला जेवायला बसवणार होतीस? तो चोर असता, तर आज मी तुझ्याही दफनाला आलो असतो. तुला शाळेत न घालता बापाने, आणि आई होती तोवर तिने, घरीच शिकवलं, त्यातून ही सवय लागली. प्रत्येक गोष्ट ताडून बघायची! गणितात शोभतं ते.

तू पंचवीस वर्षांची होईपर्यंत शेत तुझ्या हाती ठेवायला माझी सही लागते, हे तुझ्या बापाने मृत्युपत्रात लिहिलंय. तेव्हा मला लेखी दे की पुन्हा कुणी असं शिरलं तर हाक न मारता गोळी घालशील. नाहीतर सही नाही. शेत भाड्याने जाईल आणि तू आमच्याकडे राहशील. काकूने खोली झाडून ठेवली आहे. सत्तावीसला, शनिवारी, कागद घेऊन येतो.

काळजीपोटीच कडक बोलणारा,
आर्व्हिड काका

*

हेगेन, २२ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चारदा वाचलं. आपलंच चुकत असेल म्हणून पाचव्यांदाही वाचलं. लेखी देणार नाही.

हाकेने माझी जागा कळते, खरं आहे. म्हणून तर भिंतीआड होते. दिवा आत शिरलेल्याच्या डोक्यावर लागला, माझ्या नाही. आजोबांच्या जागी चोर असता आणि माझ्या अंगावर आला असता, तर मी चाप ओढला असता. ते मला ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच ओकले. पण नुसत्या पावलांच्या आवाजावर मी कुणाला मारणार नाही. जे दिसलं नाही त्यावर नळी धरायची नाही, हे बाबांनी मला पाढ्यांच्या आधी शिकवलं. भित्री आहे मी, पण माझं भिणं हे कुणाच्या मरणाचं कारण होऊ देणार नाही.

मागच्या दाराला कुलूप बसवलं. इथे दाराला कुलूप म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान. क्वामे आजी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी घरोघर फोन करून सांगितलं की दार वाजवा आणि नाव सांगा. घरची म्हणून एक किल्ली तुम्हाला पाठवते आहे.

सही करायची नसेल तर करू नका. मी घर सोडणार नाही. तुम्ही लोभ कमी केलात तरी माझा आहे तेवढाच राहील.

रॅग्ना

*

हेगेन, २८ जानेवारी

ती. काकांस सा. न. वि. वि.

काल तुम्ही तडक निघून गेलात, म्हणून लिहावं लागतं.

गाडी झाडांआड लावलीत. मी दिलेल्या किल्लीने दार उघडलंत, टेबलावर कागद ठेवलात आणि तळघरात जाऊन मुद्दाम आवाज केलात. जिन्याच्या वरून मी दोनदा हाक मारली. तुमचे कान चांगले आहेत. तरी गप्प राहिलात, पोरीला धडा शिकवायचा म्हणून. शेवटी जिन्यावरच्या बटणाने तळघरातला दिवा लावला, तर खाली तुम्ही. तुम्हाला हवं ते लेखी देऊन मी ते पाळलं असतं, तर हे पत्र आज काकूंना लिहीत असते.

तुमच्यावर ओरडले त्याबद्दल माफी मागते. जे बोलले त्याबद्दल नाही. शेताचा तुमचा कागद सोबत आहे. गोळीबद्दलची ओळ मी खोडली आहे. तुमच्या सहीच्या जागी पेन्सिलीने खूण केली आहे.

पुन्हा आलात तरी आधी हाकच मारीन.

रॅग्ना

*

फार्गो, १ फेब्रुवारी

चि. रॅग्नास अ. आ.

सही केली आहे.

दिवा लागला तेव्हा तुझी नळी जमिनीकडे होती, ते मी पाहिलं. गाडीत बसून अर्धा तास मला किल्ली फिरवता आली नाही.

काकूला सांगितलंय की तू साधी कॉफीसुद्धा विचारली नाहीस, म्हणून लवकर परतलो. ती तुझ्यावर चिडली आहे. फोनवर बोलेल ते ऐकून घे. खरं काय ते तिला मीच सांगेन, पण मला थोडे दिवस दे.

आर्व्हिड काका