आज उभा राहिलो

ईलिंग, रविवार

प्रिय गिडियन,

आधीच सांगते, मी वैतागलेय. पपांवर आणि तुझ्यावरही. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून हा कागद.

नॅथॅनिएल पणजोबांची वही आठवते ना? एडिनबरोला डॉक्टरकी शिकत होते तेव्हाची, १९११ची. दर शनिवारी एकच ओळ, ‘आज उभा राहिलो.’ खाली कधी ‘तीन सोडले’, कधी ‘सात सोडले’. शुक्रवारी जेवताना पपा वाचून दाखवायचे. परक्या गावात आपला एकही ज्यू माणूस नाही, तरी पणजोबा शब्बाथचा शनिवार पाळून एकटे तेफिलाच्या प्रार्थनेला उभे राहायचे आणि मोजून घास सोडायचे, असा त्यांचा अर्थ. एका शनिवारी ‘एकही सोडला नाही’ लिहिलंय, तर म्हणे त्या दिवशी सण असणार! याच वहीच्या जोरावर त्यांनी तुझा फुटबॉल बंद केला. तू सोळा वर्षांचा, कॉलेजच्या टीममध्ये नुकतं नाव लागलेलं, मॅचेस शनिवारी. पपांनी तुझे बूट चॅरिटी शॉपला देऊन टाकले. दोन वर्षांत तू घर सोडलंस. मी तेव्हा तोंड उघडलं नाही, त्याचा राग मला अजून स्वतःचाच येतो.

आता ऐक. सप्टेंबरमध्ये पणजोबांच्या कॉलेजातून ईमेल आला. त्यांच्या फुटबॉल टीमच्या त्या सीझनवर कुणीतरी लिहितंय, सोबत फोटो आणि मॅचेसची यादी. फोटोत मधोमध जाड स्वेटर घातलेले पणजोबा, खाली लिहिलंय गोलकीपर. अरे, ते गोलात उभे राहायचे! आणि सोडले ते गोल. अकरा मॅचेस, नऊ हरले, एक बरोबरीत, एक जिंकले. अकरा नोव्हेंबरला सात गोल खाल्ले आणि वहीत त्याच तारखेला ‘सात सोडले’. सण कसला डोंबलाचा, त्या दिवशी ते जिंकले होते.

मी हसत हसत पपांना दाखवायला गेले आणि फसले. कॉलेजची चूक आहे म्हणाले. दुरुस्त करा असा ईमेल मलाच लिहायला लावला, आणि मी मूर्खासारखा लिहिलाही. मग तीन आठवडे अबोला. ब्रॅकनेलच्या ऑफिसातून दमून यायचं, डाळ गरम करायची आणि बंद दाराशी बोलायचं. तू तरी काय वेगळा? तुझी लेक ईडन सोळा वर्षांची झाली, तीही फुटबॉल खेळते, आणि आजोबांना तिने फक्त फोटोत पाहिलंय. तुम्हा दोघांच्या मध्ये उभी राहून मी कंटाळलेय.

परवा शुक्रवारी शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी पपांनी वही माझ्यापुढे ठेवली. प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीने स्कोर लिहिलेला, त्यांच्याच अक्षरात. “मी नीट वाचलं नाही,” म्हणाले. मग विचारलं, “ईडनची मॅच शनिवारी किती वाजता असते?” येत्या शनिवारी अकराला, आपल्याच ईलिंगच्या मैदानावर, हे ईडननेच मला कळवलंय. शब्बाथला गाडीत बसायचं नाही, म्हणून पपा बस घेणार नाहीत, गुडघा दुखला तरी चालतच येणार, मी सोबत असेन. पण पूर्ण मॅच उभं राहणं त्यांना आता झेपत नाही, आणि त्या दिवशी ओझंही उचलायचं नाही, म्हणून आम्ही काही आणणार नाही. तेव्हा खुर्ची तू आण.

तुझीच बहीण,
मिल्का