पहिल्या मॉडेलचे स्विच

अप्पा, सेठची ती लाल गाडी माझ्या दुकानात आली आहे. दोन दारांची, छप्पर मागे दुमडणारी, विलायती. तुमच्यामागून सेठही गेले, आता ती त्यांच्या मुलाची. गाडी भेस्तानला आपल्या गाळ्यापुढे उतरवून घेईपर्यंत तो मागून आलाच. हातात एक खोका होता. त्यात कापसात गुंडाळलेले सहा स्विच, लोखंडी दांडीचे, वर-खाली करायचे, परदेशातून मागवलेले. त्यानं ते माझ्या टेबलावर एकेक मांडले, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "आपके बापुजी ने निकाले थे, अब आप लगा दो. बात खतम." मी हसलो. गिऱ्हाईक हसलं की आपणही हसावं, हे तुम्हीच शिकवलंत. जाताना तो ड्रायव्हरला माझ्याकडे ठेवून गेला. ड्रायव्हर आपल्या धुळ्याकडचा निघाला. स्टुलावर बसत म्हणाला, "सेठनी सांगेल शे, नजर ठेव म्हने. मी ठेवस. तू चहा सांग."

स्विच गेले म्हणतात तो दिवस मी पाहिलेला आहे. कॉलेजला जाताना तुमचा डबा द्यायला मी सेठच्या बंगल्यावर आलो होतो; तिथल्या गाड्या तुम्ही सांभाळायचात. सेठ पाहुण्यांना गाडी दाखवताहेत. गाडी घेतल्यापासून कापड बाजारात त्यांनी सगळ्यांना सांगितलं आहे, हे पहिलं मॉडेल, असं आपल्याकडे दुसरं नाही. पाहुण्यांतल्या एका मुंबईच्या गृहस्थाकडे गाड्यांच्या चित्रांचं जाड पुस्तक आहे. त्यात याच गाडीच्या पहिल्या मॉडेलचं चित्र निघतं. चित्रात दांडीचे स्विच. सेठच्या गाडीत मात्र काळे, चपटे, दाबायचे, नंतरच्या मॉडेलात असतात तसे. गृहस्थ चित्रावर बोट ठेवतो. "सेठ, ये तो अलग है." सेठ वळून तुमच्याकडे पाहतात. तुम्ही बॉनेटपाशी, हातात पेचकस. "मिस्त्री, तमे बदल्या?" आणि तुम्ही म्हणता, "हा, सेठ."

का बदलले, जुने कुठे ठेवले, कुणी विचारलं नाही; चोरलेच, असं सगळ्यांनी धरलं. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बंगल्यावर गेला नाहीत. संध्याकाळी माय चुलीपुढे भाकर थापत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "खरं सांगा, ती बटनं लिधात का तुम्ही?" तुम्ही म्हणालात, "जेवू दे." तिनं भाकर तुमच्या ताटात टाकली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. गल्लीनं काढला. कुणाच्या घरी पंखा दुरुस्त करायला गेलात की दारातच आवाज यायचा, "अप्पा, आमना घरना बटनं ऱ्हाऊ द्या बरं!" तुम्ही सगळ्यांबरोबर हसायचात. मी तुम्हाला कधी काही विचारलं नाही. फक्त लक्ष ठेवलं. तुम्ही एखादी गाडी उघडलीत की बाहेर काढलेला प्रत्येक भाग परत आत गेला का, ते मी पाहायचो. तुमच्याकडून काम शिकलो ते बरंचसं असं पाहत राहिल्यामुळे. त्याच वर्षी तुम्ही हा गाळा घेतलात, आणि गाळा सेठच्या मेहुण्याचा होता. मला वाटायचं, ते स्विच विकून अनामत भरली असेल. स्विचची एवढी किंमत येत नाही हे पुढे धंद्यात कळलं, तरी वाटणं गेलं नाही.

आज सकाळी मी डॅशबोर्ड उघडला. मला तुमचा हात दिसणार याची खात्री होती. तुम्ही वायरला जोड दिलात की सोल्डरवर आधी सुती दोरा गुंडाळायचात, मग टेप. कापडाच्या लूमवर होतात तेव्हाची ती सवय. तुमचा जोड मी बोटांनीही ओळखला असता. पहिल्या मॉडेलात वायपरचा स्विच अर्थिंगची वायर तोडतो, नंतरच्या मॉडेलात करंटची. एका मॉडेलचा स्विच दुसऱ्यात घालायचा तर तिथली वायर कापून नवा जोड द्यावाच लागतो. मी टॉर्च लावून पार आतपर्यंत पाहिलं. जोड नव्हता. वायरींवरचं कंपनीचं वेष्टण अखंड होतं, त्यावर जुनी धूळ घट्ट बसली होती. चपटे स्विच काढले. खालची भोकं चौकोनी, त्यांच्या कडांवर कंपनीचाच रंग. दांडीच्या स्विचला गोल भोक लागतं. या गाडीत ते स्विच कधी नव्हतेच. गाडीच नंतरच्या मॉडेलची. सेठना कुणीतरी पहिलं मॉडेल म्हणून विकली होती.

मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथंच खाली बसून राहिलो. तुम्ही ती गाडी कितीदा उघडली होतीत, तुम्हाला ठाऊक असणारच. मग "हा" का म्हणालात? चार लोकांत सेठची मान खाली जाऊ नये म्हणून? भीतीनं? की सेठनी आधीच सांगून ठेवलं होतं, की कधी वेळ आली तर तू स्वतःवर घे, तुझं मी पाहून घेईन? मग हा गाळा आठवतो. चोरीचा संशय उठून गेला आणि त्याच जागेवर दुसरा येऊन बसला, गाळ्यासाठी नाव विकल्याचा. चोराचा मुलगा म्हणून मी रुळलो होतो. या दुसऱ्याबरोबर कसं राहायचं, मला ठाऊक नाही.

दुपारी सेठचा मुलगा आला. मी त्याला भोकं दाखवली, वायर दाखवली, सगळं सांगितलं. त्यानं वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तो आपके बापुजी ने हा क्यूं बोला?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"बापुजी को बचा रहे हो, मिस्त्री?" आवाजात राग नव्हता. "छोडो ने, जूनी वात. नवो पॅनल बनावी दो. गोल भोकं पाडो, स्विच बेसाडी दो."

त्याला दोष देत नाही. त्याच्या जागी मीही विश्वास ठेवला नसता. पण गोल भोकं पडली की ही गाडी पहिलं मॉडेल होते, आणि तुम्ही कायमचे चोर. मी म्हटलं, माझ्याकडून होणार नाही, दुसरीकडे न्या. त्यानं टेबलावरचे सहाही स्विच पुन्हा फोटो काढून खोक्यात भरले. ड्रायव्हर निघताना हळूच म्हणाला, "कोनी बी करी दी रे भाऊ. तू कशाले रोजी सोडस?" खरं आहे. उद्या गाडी उधन्याला नेतील, तिथं कुणीतरी पॅनल कापेल. मी चपटे स्विच परत बसवले, वायपर फिरवून पाहिला, डॅशबोर्ड बंद केला. चहाचे कप उचलले आणि शटर ओढलं.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून शेवटचंही लिहून टाकतो. घरी आल्यावर मी माळ्यावरून तुमची हत्यारांची पेटी उतरवली. सगळं सामान जमिनीवर ओतलं. पेचकस, पक्कड, दोऱ्याची रिळं. ते स्विच त्यात असणं शक्य नाही, हे मी सकाळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी पेटीच्या तळाचं कापड उचलून पाहिलं.