बंडीच्या खिशातल्या गोळ्या

८ जानेवारी
ह्यांना घरी आणलं! सहा दिवस बारामतीच्या दवाखान्यात होतो. हृदयाच्या नळीत जाळी बसवलीय. डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं — जाळी बसली म्हणजे काम संपलं नाही, ही कोलेस्टेरॉलची गोळी रोज घ्यायची, सोडली तर नळी परत अरुंद होईल.
रोज जेवण झालं की मीच हातावर गोळी ठेवते. तोंड वाकडं करतात. करू देत. माणूस समोर बसलाय, मला तेवढं पुरे.

२ मार्च
रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल एकदम खाली! हे खूश. पेढा मागितला, मी चिमूटभरच दिला.
माडीवर जाताना माझं परत पित्त उसळलं, पाठीत कळ. सोडा प्याले, बसले.

१९ मार्च
बंडी धुवायला घेतली तर खिशात गोळ्या! अकरा. मी हातावर ठेवायची आणि हे खिशात टाकायचे. जाब विचारला तर म्हणतात, रोग गेल्यावर फवारणी कोण करतं? डाळिंबाच्या बागेत जन्म गेला, अंगालाही बागच समजतात. भांडले नाही. मोरीत जाऊन रडले. हे गेले तर मी कुणावर चिडू?

२० मार्च
सकाळी हे ठिबकच्या नळ्यांत ॲसिड सोडत होते. आमच्या बोअरचं पाणी खारं, नळ्या तुंबतात, म्हणून दर महिन्याला सोडावं लागतं. मी बांधावर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "पाणी तर झकास पडतंय. ॲसिड कशाला?"
"पडतंय तवरच सोडायचं आस्तं. येकदा खार धरल्यावर काय उपेग हाय..."
हे तिथंच थांबले. माझ्याकडं बघत राहिले. मी भाकरी टाकायला घरी वळले. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच माझं बोलणं एवढ्यात आटपलं!
जेवण झाल्यावर आपणहून हात पुढं केला. गोळी गिळली. मी म्हटलं, "आ करा बघू." केला की! नातवंडं असलेला बाप्या! हसता हसता डोळे भरले.

६ एप्रिल
ह्यांच्या तपासणीला बारामतीला गेलो. दवाखान्याच्या जिन्यात मी दोनदा टेकले. पित्त हाय म्हटलं, पण ह्यांनी ऐकलं नाही. आत गेल्या गेल्या डॉक्टरीणबाईंना म्हणाले, "माझं ऱ्हाऊ द्या. आधी हिला बघा."

१० एप्रिल
पित्त नव्हतंच ते, मलाही दोन जाळ्या बसल्या. हे कॉटजवळ बसलेत, हातावर गोळी घेऊन. म्हणतात, "आ करा बघू, लीलाबाई."